खासगी विहिरीचे पाणी

विहीर खासगी असली म्हणजे तिचे पाणीही खासगी, अशी आपल्या सुशिक्षित समाजाची समजूत दिसते. आवाराच्या भिंतीशी मालकी संपते हे दप्तरी खरे, भूगर्भात नव्हे. पुण्याखालचा काळा पाषाण अखंड नाही. त्याच्या भेगांतून झिरपणाऱ्या पाण्यासवे शेजारच्या शोषखड्ड्यातील व फुटक्या गटारातील मैलाही विहिरीस येऊन मिळू शकतो. आडात असेल तेच पोहऱ्यात येणार!

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी ह्या भागांत गुईलेन-बॅरे विकाराची जी साथ उद्भवली, तिचे स्मरण पुणेकरांस असेलच. शरीराची संरक्षक शक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटणारा हा विकार. संशयित धरून रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली, आणि काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. पालिकेच्या विहिरीकडे तेव्हा साऱ्यांचे लक्ष वेधले. खासगी शुद्धीकरण केंद्रांना टाळे लागले, टँकरचे पाणी तपासले गेले. साथीत जी तत्परता दिसली ती नेहमीची शिस्त का नसावी, एवढाच आमचा प्रश्न आहे.

राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमात विहिरींच्या नोंदणीची तरतूद आहे. परंतु नोंदणी म्हणजे तपासणी नव्हे. घरधनी म्हणतात, आजोबांपासून हेच पाणी पितो, कोणास काही झाले नाही. आजोबांच्या विहिरीभोवती चार-चार मजली इमारतींच्या मैलाटाक्या नव्हत्या, हे ते विसरतात. डोळ्यांस नितळ दिसणे हा तर पुरावाच नव्हे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार शंभर मिलिलिटरमध्ये ई. कोलाय जंतू मुळीच असता कामा नये, आणि नायट्रेटचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. पैकी जंतू उकळल्याने मरतात. नायट्रेट मात्र उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. बाधा कोणती हे कळल्यावाचून उपाय करणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

तपासणी अवघड नाही. प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली आणावी व नमुना थंड ठेवून चोवीस तासांच्या आत पोहोचवावा. (घरातील धुतलेली सरबताची बाटली ह्या कामी निरुपयोगी, हे आमच्या उत्साही वाचकांनी ध्यानी घ्यावे.) पालिकेने प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात अल्प शुल्कात असे नमुने स्वीकारावेत: एकदा उन्हाळ्याच्या अखेरीस आणि एकदा पहिले पाऊस पडून गेल्यावर, कारण जमिनीवरची घाण विहिरीत उतरते ती तेव्हाच. सदोष पाण्याबद्दल मालकास दंड मात्र करू नये. दंडाच्या भयाने तो नमुनाच देणार नाही. त्याला दोषाचे कारण व उपाय लेखी सांगावा, आणि अहवालाची एक प्रत त्याच भूस्तरातून पाणी उपसणाऱ्या शेजाऱ्यांसही द्यावी.