रंगविलेला पत्ता आणि टांगलेला पत्ता

परवा येथील मराठी मंडळींच्या एका बैठकीत गंजिफांवर व्याख्यान झाले. वक्ते व्यासंगी होते आणि सावंतवाडीच्या चितारकामाविषयी त्यांनी जे सांगितले ते ऐकण्यासारखे होते. शेवटी एका तरुणाने खिशातून एक छापील पत्ता काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यावर त्याने स्वतः ॲक्रिलिक रंगांनी चित्र काढले होते. वक्त्यांनी तो दोन बोटांत धरून क्षणभर न्याहाळला आणि छापील वस्तूवर रंग फासणे ही कला नव्हे, हा पोरखेळ आहे, अशा अर्थाचे काही बोलून परत केला. सभा हसली. मीही हसलो. घरी जाताना मात्र त्या हसण्याची लाज वाटू लागली. ती अद्याप गेली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या तरुणाचा पत्ता ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळातला होता. रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणितज्ञाने रचलेला हा खेळ १९९३ साली अमेरिकेत निघाला. यातला प्रत्येक गडी पत्ते विकत घेऊन, अदलाबदल करून स्वतःचा संच स्वतः जमवितो, म्हणूनच यांना ट्रेडिंग कार्डे म्हणतात. पत्ता अवघा ६३ मिलिमीटर रुंद व ८८ मिलिमीटर उंच. एवढ्याशा जागेत बारीक कुंचल्याने काम करायचे. रंगात पाणी अधिक झाले तर पत्ता वाकतो, कमी झाले तर रंगाचा थर जाड बसतो. म्हणून पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा. वाळलेले ॲक्रिलिक पाण्याने विरघळत नाही, त्यामुळे खालचा रंग वरच्यात कालवला जात नाही. या कामी तोच रंग का निवडतात याचे हेच कारण. पुष्कळजण तर नवे चित्र काढीतच नाहीत. छापलेले आकाश, छापलेले अरण्य चौकटीबाहेर कडेपर्यंत वाढवीत नेतात आणि मूळ छटा अशी जुळवितात की छपाई कोठे संपली व कुंचला कोठे लागला ते समजू नये. हा पोरखेळ असेल तर तो ज्याने त्याने एकदा करून पाहावा.

यावर मूळ चित्रकाराच्या अपमानाचा आक्षेप काढला जातो. परंतु पत्त्यावर जे असते ते मूळ चित्र नव्हे. ती हजारो प्रतींपैकी एक प्रत. मूळ चित्र दुसरीकडे सुखरूप असते. या खेळाचे कित्येक चित्रकार तर मेळाव्यांत स्वतःच पत्त्यांवर सह्या करतात, चार रेघांचे चित्र काढून देतात. त्यांना ज्याचा राग येत नाही त्याचा आपण त्यांच्या वतीने का मानावा?

संग्राहकांचा आक्षेप निराळा आहे. रंगविलेल्या पत्त्याची किंमत जाते, असे ते म्हणतात, आणि बाजाराच्या हिशेबाने ते बहुधा खरेही असते. पत्त्यांची प्रत ठरवून ते कठीण प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद करून देण्याचा तिकडे मोठा धंदा आहे. या खेळातला ‘ब्लॅक लोटस’ हा पत्ता ख्रिस्तोफर रश यांनी चितारला होता. त्यांच्या सहीच्या डबीतला असा एक पत्ता २०२१ साली पाच लक्ष डॉलरांहून अधिक किमतीस गेला. तो आता कोणाच्या हातात पिसला जाईल, ही आशा व्यर्थ आहे. झिजलेल्या कडा रंगवून पत्ता कोरा म्हणून विकणाऱ्याची बाजू मी घेत नाही. ती उघड लबाडी आहे. दुर्मीळ पत्त्यावर शिकाऊ हाताने कुंचला चालवावा असेही माझे म्हणणे नाही. आणि रंगविलेल्या पत्त्यांपैकी बरेचसे सामान्य असतात, हे मान्य केलेच पाहिजे. पण सामान्य कविता पुष्कळ लिहिल्या जातात म्हणून काव्याला कोणी पोरखेळ म्हणत नाही.

मला महत्त्वाचा वाटतो तो या खेळाच्या स्पर्धांचा नियम. रंगविलेला पत्ता तेथे चालतो. मात्र पत्त्याचे नाव आणि तो खेळण्याचे मोल झाकता अथवा बदलता कामा नये. चित्र ओळखू आले पाहिजे, ते अश्लाघ्य नसावे, आणि त्यात डावपेचाची सूचना लिहिलेली नसावी. रंगाच्या जाडीमुळे तो इतरांत वेगळा कळत असेल तर तोही बाद. अखेरचा निर्णय मुख्य पंचाचा. म्हणजे चित्रकाराने वाटेल तेवढे स्वातंत्र्य घ्यावे. पत्ता पत्ता राहिला पाहिजे.

आमच्या चितारी लोकांनाही हे बंधन ठाऊक होते. गंजिफेची चित्रे समोरच्या बाजूस काय ती. पाठी साऱ्या एकरंगी, कारण पाठीवरून पत्ता कळला की खेळ संपला. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये शाह हसनला गंजिफा पाठविल्या, त्या त्याला या खेळाची आवड होती म्हणून. पुढे छापील बावन पत्ते स्वस्त झाले आणि चिताऱ्याच्या हातचा कुंचला सुटत गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला जगविली, याबद्दल त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडे. परंतु जगली ती चित्रे. खेळ कितीजणांच्या हातात राहिला? ज्या छापील पत्त्याने चिताऱ्याचा कुंचला काढून घेतला, त्याच छापील पत्त्यावर आज कोणी पोर कुंचला परत आणते, आणि गंजिफांचे अभिमानी त्याला हसतात! काय म्हणावे याला?

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां लोकांना हा रोग जरा अधिकच जडलेला आहे. दूर राहिल्यामुळे जे आपले ते चौकटीत घालून भिंतीवर टांगण्याची आम्हांस घाई होते. त्या दिवशी सभागृहाच्या भिंतीवर दशावतारी गंजिफांची एक सुरेख चौकट होती. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते, असे संचाचे १२० पत्ते असतात. काचेमागे होते केवळ दहा राजे. उरलेले ११० कोठे आहेत, असे मी कार्यवाहांना विचारले. डब्यात असतील, ते म्हणाले. दहापैकी पाच अवतारांत राजा-प्रधानांच्या खालोखाल एक्का मोठा आणि उरलेल्या पाचांत दश्शी, हे त्या खोलीत किती जणांना ठाऊक होते? व्याख्यानात तर खेळाचा उल्लेखही आला नाही. त्या तरुणाला मात्र आपल्या पत्त्याचे मोल, त्याचा उपयोग आणि तो केव्हा टाकावा हे सारे तोंडपाठ होते. रंगाखालून पत्त्याचे नावही त्याने नीट वाचता येईल असे मोकळे ठेवले होते.

व्याख्यात्यांना माझी एक विनंती आहे. पुढील बैठकीस ती काच उघडावी आणि डब्यातले पत्ते शोधून आणावेत. या खेळाला तिघे लागतात. प्रत्येकी चाळीस पत्ते येतात. एक तुम्ही, एक मी, आणि तिसरा म्हणून त्या तरुणाला बोलवावे. नियम त्याला लवकर समजतील. दिवसा बसलो तर पहिली उतारी रामाची. आपल्या बैठका सायंकाळी भरतात, तेव्हा कृष्ण ज्याच्या हाती येईल त्याने सुरुवात करावी.