वाळूच्या बेटावर पायीच जावे

विद्याभ्यासासाठी वा नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियात राहणारे जे मराठी तरुण सुटीत क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगतचे गरी बेट पाहण्याचा संकल्प करतात, त्यांच्यापुढे स्वस्त म्हणून जो मार्ग प्रथम येतो तो असा, की वाळूत चालणारी फोर-व्हील मोटार भाड्याने घ्यावी, तीत मावतील तितके सोबती घ्यावेत, भाडे वाटून घ्यावे आणि दोन दिवसांत सारे बेट उरकून परतावे. हा मार्ग मला मान्य नाही. ज्याच्याजवळ पैसा बेताचा आहे त्याने त्या बेटावर पायीच जावे. काटकसर करायची ती वाहनात आणि सुखसोयींत करावी, आणि परवाना, शिधा, पाणी व मुक्कामाचे दिवस यांबाबत मात्र हात आखडता घेऊ नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.

कारण ही भूमीच निराळी आहे. सुमारे १२३ किलोमीटर लांबीचे हे बेट वाळूच्या बेटांमध्ये जगात सर्वांत मोठे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील नद्यांनी समुद्रात लोटलेली वाळू लाटांच्या ओघाबरोबर उत्तरेकडे सरकत लक्षावधी वर्षे येथे साचत आली, आणि जिथे गवताची काडी रुजेल असेही वाटू नये अशा त्या वाळूत, मुळांशी वस्ती करून राहिलेल्या बुरशीने मिळवून दिलेल्या अन्नांशावर, उत्तुंग वृक्षांचे वर्षावन उभे राहिले. टेकड्यांमधील सखल जागी कुजलेल्या पाल्याचा आणि वाळूचा घट्ट थर जमतो व त्यावर पावसाचे पाणी, भूजलाच्या पातळीहून कितीतरी उंचावर, अधांतरी तोलून धरल्यासारखे साठते. बेटाचे मूळ रहिवासी असलेले बुचुल्ला लोक ज्याला बूरांगूरा म्हणतात ते मॅकेन्झी सरोवर या जातीचे आहे. त्याला ना नदी येऊन मिळते, ना त्यातून ओढा वाहून जातो. म्हणून अंगाला चोपडलेले मलम, साबण किंवा मूत्र, जे जे त्या पाण्यात पडेल ते तिथेच राहते, आणि ज्या पाण्यात पोषक द्रव्ये जवळजवळ नाहीतच त्याला एवढीशी भरदेखील बाधते. असे सरोवर तासाभरात उरकण्याचे स्थळ नव्हे. त्याच्या काठी आधी बसावे, ते समजून घ्यावे, मग पाण्यात पाय घालावा. आणि एवढी उसंत, माझ्या समजुतीप्रमाणे, पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालत आलेल्या माणसालाच सापडते.

पायी जाण्याची तजवीज अवघड नाही. हर्वी बे गावाजवळच्या रिव्हर हेड्सहून किंगफिशर बे येथे जाणाऱ्या फेरीबोटीत पायी उतारूंना घेतात, आणि तिथून मॅकेन्झी सरोवराकडे निघालेली पायवाट पुढे डिली व्हिलेज ते हॅपी व्हॅली या सुमारे ९० किलोमीटरच्या ‘ग्रेट वॉक’ला मिळते. सबंध मार्ग चालण्यास आठवडा लागतो. तितकी सवड नसेल त्याने मॅकेन्झी आणि सेंट्रल स्टेशन नावाच्या तळावर मुक्काम करून परतावे. वाटेवर चालणाऱ्यांसाठी राखलेले तळ आहेत, पण त्यांचा दर माणशी, दर रात्रीचा परवाना आगाऊ घ्यावा लागतो. शेकोटीच्या आशेवर न राहता छोटा स्टोव्ह न्यावा, पाणी उकळून वा शुद्ध करून प्यावे आणि केरकचरा आपल्या पाठीवरच परत आणावा. समुद्रस्नानाचा मोह टाळावा. प्रवाह जबर आहेत, शार्कही आहेत.

मोटारीचा हिशेब वरवर दिसतो तितका स्वस्तही नाही. तिला निराळा परवाना, निराळे बोटभाडे आणि अनामत लागते. खाऱ्या पाण्याने झालेली नासाडी भाडेकरूच्याच अंगावर येण्याचा संभव मोठा. भरतीच्या वेळा न पाळणारी वा मऊ वाळूत वेगाने वळवलेली मोटार उलटून तिथे माणसे दगावली आहेत. आज किनाऱ्यावर ताशी ८० आणि आतल्या रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे, तीही अनुभव नसलेल्या चालकाच्या हाती पुरेशी सुरक्षित आहे असे मला वाटत नाही.

परवान्याची रक्कम वाचवण्याच्या युक्त्या शोधणाऱ्यांविषयी मला मनापासून खेद वाटतो. या वाळूतील खनिजांच्या उपशाविरुद्ध जॉन सिंक्लेअर आणि त्यांनी १९७१ साली उभारलेल्या संघटनेने दीर्घ लढा दिला, तेव्हा कुठे १९७६ च्या अखेरीस तो उपसा थांबला. वृक्षतोड १९९१ मध्ये बंद झाली आणि १९९२ मध्ये बेटाची गणना जागतिक वारशात झाली. बुचुल्लांचा पिढीजात हक्क न्यायालयात रुजू होण्यास २०१४ साल उजाडावे लागले, आणि जहाज फुटून १८३६ साली किनाऱ्याला लागलेल्या एलायझा फ्रेझर या बाईच्या आडनावाने ओळखले जाणारे हे बेट आपल्या मूळ नावाने सरकारदप्तरी नोंदले गेले ते २०२३ मध्ये. इतक्या सायासांनी राखलेल्या या भूमीचा जवळजवळ निम्मा भाग २०२० साली एका बेकायदा शेकोटीतून भडकलेल्या वणव्याने होरपळला. नियम जाचक वाटणाऱ्याने हे साल ध्यानात ठेवावे.

डिंगो नावाच्या रानकुत्र्यांसंबंधीचे नियमही असेच अक्षरशः पाळावेत: अन्न कुलपात ठेवावे, एकट्याने भटकू नये, आणि तुकडादेखील टाकू नये, कारण माणसाच्या अन्नाची चटक लागून धीट झालेल्या जनावराला अखेरीस मारून टाकण्याची पाळी वनरक्षकांवर येते. हंगाम निवडायचा तर डिसेंबरची गर्दी आणि उकाडा टाळून जून ते ऑगस्टचा थंड काळ निवडावा. बेटावर पुष्कळ ठिकाणी मोबाइलला संपर्क मिळत नाही. तेव्हा मार्ग, मुक्काम आणि परतीची तारीख ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या विश्वासू स्नेह्याला लिहून द्यावी, त्या तारखेस आपण न आल्यास कोणाला कळवायचे तेही सांगावे, आणि सांगलीत वा पुण्यात फोनची वाट पाहणाऱ्या आईवडिलांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे, की आठवडाभर फोन आला नाही तरी काळजी करू नका.