पोर घरी ठेवा म्हणणाऱ्यांना

आमच्या धसई परिसरातल्या एका सद्‌गृहस्थांचं मत सध्या लग्नमांडवापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. लहान मुलं घेऊन गाडीने लांब जाणं हाच मुळात वेडेपणा. त्यात एखादं मूल स्वमग्न असेल, तर त्याच्यावर अत्याचार, भावंडांवर अन्याय आणि इतरांना ताप. अशा मुलाला ठरलेला दिनक्रम लागतो, बाहेरचं त्याला काही कळत नाही, आईबाप आपल्या हौसेसाठी त्याची फरफट करतात. तेव्हा पोराला आजीकडे ठेवा आणि खुशाल फिरा. आजीला विचारायचं राहिलंय, पण ते असो.

इतरांना ताप म्हणाल, तर कल्याणच्या एसटीत मोबाइलवर मोठ्याने भाषणं ऐकणारे काका कोणत्या निदानात बसतात? आणि भावंडांवर अन्याय म्हणाल, तर दर सुट्टीत एका भावाला मागे टाकून जायला शिकवणं, हा कोणता न्याय?

माझा खरा राग त्या ‘मुळात वेडेपणा’वर आहे. मुलं घेऊन लांबचा प्रवास ही शहरी मोटारवाल्यांनी काढलेली चैन आहे, असं या गृहस्थांना मनापासून वाटतं. हे मुरबाड तालुक्यात राहून वाटावं, याला विशेष साधना लागते. पौषी पौर्णिमेला म्हसा गावी भरणाऱ्या जत्रेला माणसं पोराबाळांसह बैलगाड्या जुंपून यायची आणि मुक्काम ठोकायची. त्या मुलांचा दिनक्रम कोणी मोजला नाही. जत्राही सोडा. दिवाळी झाली की मुरबाड-शहापूरच्या वाड्या रिकाम्या होतात. उचल घेतलेली कातकरी कुटुंबं ट्रकमध्ये, टेम्पोत भांडी, कोंबड्या, अंगावरची पोरं असं सगळं घालून वीटभट्टीवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. शाळा मध्येच सुटते. भट्टीशेजारच्या खोपटात पोरं महिनोन्महिने काढतात. त्या ट्रकमध्येही कोणी न बोलणारं, हात फडफडवणारं, कान दाबून बसणारं मूल असणारच. त्याचं निदान कोणी केलेलं नसतं, वस्तीवर ‘खुळं’ म्हणून ते वाढतं. त्या प्रवासाला अत्याचार म्हणायला आमचे गृहस्थ कधी उठले नाहीत. आईबाप मजुरीला पोर नेतात तेव्हा ती नाइलाजाची रीत, आणि समुद्र दाखवायला नेतात तेव्हा फरफट! म्हणजे हरकत लांबच्या रस्त्याला नाही, मुलाला आनंद मिळण्याला आहे.

अशी दुटप्पी माणसं आम्हाला नवी नाहीत. 2016 च्या डिसेंबरात धसईला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव ठरवलं, तेव्हा वडापाववाल्याकडे कार्ड घासायचं मशीन आलं की आठवड्यात गाव पालटेल, असं छातीठोक सांगणारे हेच होते. अख्खं गाव एका आठवड्यात बदलू शकतं, पण एक मूल चार तासांच्या प्रवासाला सरावू शकत नाही.

आता दिनक्रम. अशा मुलाला पुढे काय होणार हे आधी कळलेलं लागतं, हे खरं. पण ते फक्त स्वयंपाकघरातच कळतं, असं कोणी सांगितलं? माझ्या स्वमग्न भाच्याची खिडकी ठरलेली, डबा ठरलेला, गाण्यांचा क्रम ठरलेला. सरळगाव, किन्हवली, शहापूर अशा थांब्यांचे फोटो एका पुठ्ठ्यावर चिकटवलेत. ठिकाण मागे पडलं की तो फोटो काढून पिशवीत टाकतो. लग्नाच्या हॉलमध्ये कानठळ्या बसवणाऱ्या बँडपुढे तो जेवढा कासावीस होतो, त्याच्या निम्म्यानेही गाडीत होत नाही. जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पुरा झाला, आणि तो आपल्या शहापुरातूनच जातो. त्यावर इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. आत आवाज बदलतो, दिव्यांचे पट्टे डोळ्यांवर येतात. न सांगता नेलं तर मूल किंचाळेल. आधी व्हिडिओ दाखवला आणि कानांवर हेडफोन चढवले, तर बहुधा निभावतं. नाहीच निभावलं, तर पुढच्या खेपेला कसाऱ्याचा घाट आहेच.

‘त्याला काही कळत नाही’ हे तर जुनंच पालुपद. स्वमग्नतेचं गाजलेलं सविस्तर वैद्यकीय वर्णन 1943 चं. पुढे कित्येक वर्षं मोठमोठे विद्वान आईच्या कोरडेपणाला दोष देत राहिले. ते खोटं ठरलं, पण तोवर किती बायका रडल्या याचा हिशेब नाही. तेव्हा आई माया करत नाही म्हणून दोषी, आता फिरायला नेते म्हणून दोषी. बोलत नाही म्हणजे कळत नाही, हा निष्कर्ष काढणाऱ्यांनी एकदा आपल्या जास्त बोलण्याचाही हिशेब मांडावा.

एक मुद्दा मात्र मी गृहस्थांना देऊन टाकतो. पावसाळ्यातल्या रविवारी माळशेजच्या धबधब्यांवर जाऊ नये. अशा अनेक मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते, धोक्याचं भान नसतं, आणि गर्दीत हात सुटायला क्षण पुरतो. पण हा दोष त्या जागेचा आणि दिवसाचा, प्रवासाचा नव्हे.

मग करायचं काय? फार काही नाही. पहाटे निघा. एका मोठ्या माणसाने फक्त त्याच्याकडेच पाहायचं, गाडी चालवायची नाही. खिशात किंवा हातात नाव आणि फोन नंबर असू द्या. दिव्यांग ओळखपत्र काढलं नसेल तर काढा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. मांडीवर न घेता पट्टा लावा. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल, तर 2019 पासून हजार रुपये दंड आहे. पहिल्या खेपेला नागपूर नको, नाशिक पुरे. बिनसलं तर अर्ध्यातून परत फिरा, त्यात कमीपणा नाही.

आणि वाटेवरच्या ढाबेवाल्यांना एक विनंती: असं मूल आलं, तर टीव्हीचा आवाज कमी करा, त्याचं ताट आधी लावा, आणि त्याच्या आईला काही विचारू नका.