टाकी बरी की कॅन?

मरोद्याचा जलाशय भिलाईच्या पोलाद कारखान्याला पाणी पुरवतो. पण घरी पाणी साठवायचं तर टाकी बसवावी की कॅन, पिंपं ठेवावीत?

आधी साधा हिशोब करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. 20 लिटरचा भरलेला कॅन आजीला उचलवणार नाही. 200 लिटरचं पिंप भरलं की जागचं हलत नाही. 500 लिटरची टाकी तर अर्धा टन! ती भक्कम, सपाट जागेवरच बसवा.

भाड्याच्या घरात कॅन सोयीचे, घर बदललं की सोबत नेता येतात. स्वतःच्या घरात वापरायच्या पाण्याला टाकी आणि प्यायला तोटीचे 10 लिटरचे दोन कॅन पुरतात.

एक गोष्ट मात्र विसरू नका. 2018 मध्ये भिलाईत डेंग्यूची मोठी साथ आली होती. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यातून डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात. म्हणून कॅन आणि पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. टाकी दर आठवड्याला रिकामी करणं जमत नाही, तेव्हा तिचं झाकण घट्ट हवं आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला बारीक जाळी.

तुमच्या टाकीचं झाकण नीट बसतं ना? आजच बघून या.