औषध सापडले, पोचले काय?

‘विज्ञानाने सिकलसेलवर विजय मिळवला, आता रक्ततपासणीचा खटाटोप कशाला?’ असे आपल्या गोंदिया जिल्ह्यातील सुशिक्षित मंडळीही बोलू लागली आहेत. या भाबड्या समजुतीला माझा स्पष्ट विरोध आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने ‘कॅसजेव्ही’ या जनुकीय उपचारास मान्यता दिली. रुग्णाच्याच रक्तोत्पादक मूळपेशी काढून, त्यांत बदल करून त्या परत शरीरात सोडतात. परिणामी, जन्मानंतर मावळलेले गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. मानवी प्रज्ञेचा हा गौरवच होय. परंतु त्याची किंमत आहे २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळचे सुमारे १८ कोटी रुपये! सालेकसा-देवरीकडील टोल्यावरच्या शेतमजुराने या विजयाचे काय करावे?

वाचकहो, तेच हिमोग्लोबिन काही अंशी वाढवणारी हायड्रॉक्सियुरियाची साधी कॅप्सूल कितीतरी आधीपासून उपलब्ध आहे. ती रोग समूळ बरा करीत नाही. पण १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात तिने वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आणले. मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासूनच घ्यावी लागते. आणि रोग आहे हेच ठाऊक नसेल, तर औषध मागणार कोण? १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचा संकल्प सोडला, तो याचसाठी.

तरीही मुलीचे लग्न मोडेल म्हणून आपण अहवाल दडवतो. वास्तविक, एकच जोडीदार वाहक असून दुसऱ्याच्या रक्तात असा दोष नसेल, तर अपत्यास हा आजार होत नाही. दोघेही वाहक असल्यास मात्र प्रत्येक गर्भधारणेत चारांत एक एवढी शक्यता असते. हे आधी कळणे ही बदनामी नव्हे, सावधगिरी आहे. दोष आम्हा धर्मगुरूंचाही आहे. विवाहापूर्वी बाप्तिस्म्याचा दाखला आम्ही न चुकता मागतो. रक्ततपासणीचा सल्ला देताना मात्र आमची जीभ अडखळते.

प्रभूच्या दाखल्यातील शोमरोनी माणसाने जखमांवर ओतले ते जवळचेच तेल आणि द्राक्षारस. त्याच्या आधी त्या वाटेने एक याजक गेला होता. तो बाजूने निघून गेला, हे निदान मला तरी विसरता येत नाही.