आजी काय जेवायची?

गेल्या पाडव्याला ‘अन्न आणि आपण’ हा आमच्या अंकाचा यंदाचा विषय जाहीर केला आणि महिनाभरात ‘आजीच्या हातची चव’ या एकाच मथळ्याचे सात लेख टेबलावर येऊन पडले. सातांतही चूल आहे, तेल सुटेस्तोवर उखळात कुटलेली शेंगाचटणी आहे. आजी भाकऱ्या थापते, वाढते आणि लेख संपतो. ती बाई जेवली की नाही, हे सांगावंसं एकालाही वाटलं नाही. वर्षभर डोक्यात हेच घोळतंय.

तसं वर्षात बरंच घडलं. सीना नदीच्या पुरानं माढा-मोहोळकडची उभी पिकं नेली. कागदाचं बिल नेहमीप्रमाणे रडवून गेलं. ते सगळं आतल्या पानांत आहे.

ज्वारीचे मात्र दिवस पालटलेत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, पुढं 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्षही झालं. 1972च्या दुष्काळात रेशनची मिलो ज्वारी तोंड वाकडं करून गिळणारी पिढी आता नातवंडांना हॉटेलात ‘गावरान थाळी’ खाऊ घालते. कडक भाकरी पाकिटात बसून परदेशी निघाली. ती थापणाऱ्या बचत गटातल्या बायकांच्या हाती चार पैसे येतात, हे उत्तमच. पण पाकिटावर पुन्हा तीच, पदर घेतलेली हसरी आजी!

शाहू पाटोळे यांनी 2015मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या दलित घरांतलं जेवण पुस्तकात आणलं, तेव्हा आपल्या पाककृतींच्या पंगतीत कुणाकुणाचं पान मांडलंच नव्हतं ते दिसलं. आमच्या सात लेखांची पंगत तर त्याहून आखूड. सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बाईनं मांडीवरचं सूप खाली ठेवून दुपारी काय खाल्लं, हे आपल्या ‘सोलापुरी चवी’त कुठं बसतं? चव आजीची आणि ताट आजोबांचं, असाच हा हिशोब आहे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, आधीच्या पाहणीपेक्षा जास्तच. आजीच्या हातची चव नातीच्या रक्तात काही उतरलेली दिसत नाही.

माझी आजी सगळ्यांची जेवणं उरकली की उखळाच्या बुडाला चिकटलेली चटणी भाकरीच्या तुकड्यानं पुसून घ्यायची. आमटी उरली असली तर ठीक, नाहीतर वर तांब्याभर पाणी. तो तुकडा तिच्या हातून हिसकावून खाण्यात आम्हा नातवंडांना कोण मजा! त्या तुकड्यावर मीही एकदा दोन पानं लिहिली होती, ‘चव’ म्हणूनच. आता आठवलं की कान तापतात.

तर, सातही लेखकांना एका ओळीचं पत्र टाकलं: आजी स्वतः काय जेवायची? तिघांनी गावाकडं फोन करून आयांना विचारलं आणि लेख नव्यानं लिहिले. एकानं चिडून लेख परत मागवला. दोघांचं उत्तरच नाही. सातव्यानं ‘आठवत नाही’ एवढंच कळवलं. ते दोन शब्द, त्यांना विचारून, त्यांच्या लेखाखाली छापले आहेत.