पावतीसाठी अडलेले प्रबंध

गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे. प्रबंधासोबत सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या खरेदीची पावती जोडा, असा हट्ट विद्यापीठातल्या काही कार्यालयांनी धरला आहे. 'आर' वापरणाऱ्या विद्यार्थ्याने ती आणायची कुठून? 'आर' विनामूल्य आहे. जीएनयू जीपीएल हा त्याचा परवाना कोणालाही वाचता येतो आणि २००० साली १.० आवृत्ती आल्यापासून जगभरचे संशोधक ते वापरत आहेत. तरीही एका विद्यार्थिनीला तीन दरपत्रके आणायला सांगितली गेली. फुकट मिळणाऱ्या वस्तूची दरपत्रके कोण देणार? त्याच टेबलावरून क्रॅक केलेल्या एसपीएसएसवरचे प्रबंध, भलत्याच कुणाच्या पावतीची झेरॉक्स लावून, बिनबोभाट पुढे जातात. हा चोरीला दिलेला आश्रय आहे.

पावती तपासली जाते, विश्लेषण मात्र कोणी तपासत नाही. एक स्प्लिट-प्लॉट प्रयोग घ्या: सिंचनाच्या तीन पातळ्या मेन प्लॉटमध्ये, खताच्या चार मात्रा सब-प्लॉटमध्ये, तीन रेप्लिकेशन. एकूण ३६ प्लॉट. विद्यापीठाच्या फाटकाबाहेरचा 'डेटा करून देणारा' हा प्रयोग बारा ट्रीटमेंटचा आरबीडी म्हणून चालवतो. मग सिंचनाची कसोटी ४ डिग्रीच्या (डिग्री ऑफ फ्रीडम) एरर (अ) ऐवजी २२ डिग्रीच्या एकाच एररवर लागते. पाच टक्के पातळीला एफचे कोष्टकमूल्य ६.९४ हवे, तिथे ३.४४ पुरते. एफ ५ आला, तर जो फरक सिद्धच झालेला नाही तो सार्थ म्हणून छापला जातो आणि त्यावरून शेतकऱ्याला पाण्याच्या पाळ्यांची शिफारस जाते. सॉफ्टवेअर महागाचे असो की फुकटचे, आराखडा चुकीचा सांगितला तर ते तक्रार न करता उत्तर देते.

पानसे-सुखात्मे यांचे सांख्यिकीचे पुस्तक १९५४ पासून आपल्या कपाटांत आहे. मार्गदर्शकांनी ते उघडावे. अनोव्हाच्या तक्त्यातल्या एररच्या डिग्री स्वतः मोजल्याशिवाय सही करू नये. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. विद्यार्थ्यांनो, पैसे देऊन तक्ता विकत घेऊ नका. आपल्या प्रयोगाचे मॉडेल स्वतः लिहा, अडलात तर विभागातल्या सांख्यिकी शिक्षकांचे दार ठोठावा.

कुलसचिवांना आमची मागणी आहे की पावतीची अट आजच काढा आणि तिच्या जागी प्लॉटनिहाय मूळ आकडे व वापरलेल्या कमांडची फाइल मागा. पुढच्या अंकापासून या दोन्ही गोष्टी जोडलेल्या नसतील, तर या मासिकात लेख स्वीकारला जाणार नाही.